दोन तबकड्या आणि एक वस्ती

लोककलेची जन्मतिथी सहसा सांगता येत नाही. लावणी प्रथम कोणत्या फडात उभी राहिली, किंवा पहिली ओवी कोणत्या जात्यावर म्हटली गेली, असे इतिहासकाराला विचारले तर तो शतकांच्या भाषेत बोलू लागेल. हिपहॉप या नावाने आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या कलेचे मात्र तसे नाही. तिची तिथी सांगितली जाते, घराचा क्रमांक सांगितला जातो, इतकेच नव्हे तर त्या रात्री दाराशी किती पैसे घेतले गेले तेही सांगितले जाते. ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागातील सेजविक ॲव्हेन्यूवरची १५२० क्रमांकाची इमारत. प्रवेशमूल्य मुलींना २५ सेंट आणि मुलग्यांना ५० सेंट.

प्रसंग अगदी घरगुती होता. सिंडी कॅम्पबेल नावाच्या शाळकरी मुलीला सुट्टी संपून शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घ्यायचे होते. त्यासाठी तिने इमारतीतील रहिवाशांचे सामाईक दालन भाड्याने घेतले, छोट्या कार्डांवर हाताने निमंत्रणे लिहिली आणि संगीताची बाजू आपल्या थोरल्या भावावर सोपवली. क्लाइव्ह कॅम्पबेल त्या वेळी १८ वर्षांचा होता. त्याच्या दणकट अंगयष्टीमुळे मित्र त्याला हर्क्युलीस म्हणत. त्याचेच पुढे ‘कूल हर्क’ झाले. एका रात्रीत कोणतीही कला जन्माला येत नाही, हे खरेच. ही तारीख सोयीसाठी मानलेली आहे. तथापि त्या सोयीतही अर्थ आहे. या कलेच्या आरंभी राजाश्रय नव्हता, नाट्यगृह नव्हते, ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी नव्हती. एका मुलीची गरज, भावाजवळच्या तबकड्या आणि शेजाऱ्यांनी भरलेले एक दालन, एवढेच तिचे भांडवल होते.

हे शेजारी कसल्या वस्तीत राहत होते, हे पाहिल्यावाचून पुढचे काहीच उलगडत नाही. १९४८ ते १९६३ या काळात ब्राँक्सच्या मध्यातून एक द्रुतगती मार्ग काढण्यात आला. रॉबर्ट मोझेस या बलाढ्य नगररचनाकाराच्या त्या योजनेने हजारो कुटुंबांना घराबाहेर काढले. ज्यांना शक्य होते ते उपनगरांत गेले. मागे राहिले ते बहुतांशी कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेले गरीब लोक. घरांच्या किमती कोसळल्या. दुरुस्ती करण्यापेक्षा आग लागून विम्याचे पैसे मिळणे काही मालकांना अधिक किफायतीचे वाटू लागले, आणि इमारतींमागून इमारती जळाल्या. १९७० साली ब्राँक्सची लोकसंख्या सुमारे १४ लाख ७२ हजार होती. १९८० साली ती ११ लाख ६९ हजारांवर आली. दहा वर्षांत तीन लाख माणसे एका शहराच्या एकाच विभागातून नाहीशी झाली. १९७५ साली न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभी होती, आणि काटकसरीची कात्री शाळांतील संगीताच्या वर्गांवरही चालली. ज्या मुलांच्या हाती एरवी एखादे वाद्य आले असते, त्यांच्या हाती घरातल्या जुन्या तबकड्याच काय त्या उरल्या.

या ओसाड मुलखात तरुणांच्या टोळ्या गल्ल्यांवर हद्दी आखून बसल्या होत्या. डिसेंबर १९७१ मध्ये ‘घेटो ब्रदर्स’ या टोळीचा ‘ब्लॅक बेन्जी’ नावाचा कार्यकर्ता दोन टोळ्यांत समेट घडवायला गेला असता मारला गेला. आता रक्ताचे पाट वाहणार अशी सर्वांची खात्री होती. परंतु त्याच्या साथीदारांनी सूड न घेण्याचे ठरवले, आणि ८ डिसेंबरला हो ॲव्हेन्यूवरील एका मुलांच्या मंडळात अनेक टोळ्यांचे म्होरके एकत्र बसून त्यांनी तह केला. तो तह सर्वांनी सर्वकाळ पाळला असे नाही. पण दुसऱ्याच्या गल्लीत नाचायला जाता येते, ही कल्पना त्यानंतर शक्य कोटीत आली. सेजविक ॲव्हेन्यूवरील दालनाचे दार उघडले ते या पार्श्वभूमीवर.

हर्कने त्या दालनात नेमके काय केले? तो मूळचा जमैकाचा. किंग्स्टन शहरात १९५५ साली जन्मलेला हा मुलगा १९६७ साली अमेरिकेत आला. जमैकात गल्लीच्या तोंडाशी प्रचंड ध्वनिवर्धक उभारून रात्ररात्र तबकड्या वाजवण्याची आणि त्या चालू असताना ध्वनिक्षेपकावरून लोकांना उद्देशून लयीत बोलण्याची परंपरा होती. ही परंपरा त्याने बालपणी पाहिली होती. ब्राँक्समध्ये मात्र त्याने आणखी एक गोष्ट हेरली. नाचणारी मुले संपूर्ण गाण्यावर सारख्याच उत्साहाने नाचत नाहीत. ती एका विशिष्ट क्षणाची वाट पाहत थांबतात. गायक थांबतो, इतर वाद्येही मागे सरतात, आणि काही सेकंद केवळ ढोल-झांजांचा ठेका मोकळा उरतो, तो हा क्षण. लावणीत गायिकेने श्वास घ्यावा आणि ढोलकीवाल्याने एकट्याने तुकडा रंगवावा, तशातला हा प्रकार. त्याला ‘ब्रेक’ म्हणतात. हा ब्रेक आला की सारे दालन उसळे, आणि रंग चढतो न चढतो तोच गायक परत येई.

हर्कने यावर उपाय काढला तो वरकरणी अगदी सोपा होता. त्याने एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती घेतल्या व त्या शेजारशेजारच्या दोन यंत्रांवर ठेवल्या. पहिलीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवरचा सुरू करायचा. तो वाजत असताना पहिलीची सुई उचलून पुन्हा ब्रेकच्या आरंभी ठेवायची. अशा रीतीने काही सेकंदांचा ठेका कितीही मिनिटे लांबवता येऊ लागला. जेम्स ब्राऊनच्या ध्वनिमुद्रिका, ‘इन्क्रेडिबल बाँगो बँड’ या वृंदाने १९७३ साली काढलेली ‘अपाची’ ही तबकडी, अशी त्याची निवड असे. प्रतिस्पर्ध्यांना नावे कळू नयेत म्हणून तो तबकड्यांवरची लेबले पाण्यात भिजवून काढून टाकी. गाणाऱ्याच्या लेखी जी केवळ विसाव्याची जागा होती, तीच त्याने गाण्याचा गाभा ठरवली. या कलेचे सारे मर्म या एका कृतीत आहे. जे दुसऱ्यांनी रिकामे म्हणून सोडले, त्यातच घर करायचे.

हर्कची सुई अंदाजाने पडे. तिला शास्त्र दिले ते जोसेफ सॅडलर या तरुणाने. बार्बाडोसमध्ये १९५८ साली जन्मलेल्या आणि ब्राँक्समध्ये वाढलेल्या या मुलाने तंत्रशाळेत विजेच्या उपकरणांचे शिक्षण घेतले होते. पुढे तो ‘ग्रँडमास्टर फ्लॅश’ या नावाने प्रसिद्ध झाला. तबकडीवर बोट ठेवू नये हा त्या काळचा संकेत होता. फ्लॅशने तो मोडला. ब्रेक कोठे सुरू होतो तेथे त्याने रंगीत खडूने खूण केली, आणि ती खूण घड्याळाच्या काट्याप्रमाणे किती फेरे मागे न्यायची याचे गणित बसवले. तबकडीखाली गुळगुळीत लोकरी चकती घातली, म्हणजे यंत्र फिरत राहिले तरी तबकडी हाताने धरून ठेवता येते. जमावाला जे ऐकू येत आहे त्याहून वेगळी तबकडी वाजवणाऱ्याला आधी कानात ऐकता यावी, म्हणून त्याने एक कळही जोडली. याच सुमारास थिओडोर नावाच्या शाळकरी मुलाला तबकडी हाताने पुढेमागे घासली असता निघणाऱ्या आवाजाचा शोध लागला. आई आवाज कमी करायला सांगू लागली म्हणून त्याने फिरती तबकडी हाताने थोपवली, आणि त्या घर्षणात त्याला एक नवे वाद्य सापडले, असे तो पुढे सांगत असे. त्या खरखरीला ‘स्क्रॅच’ हे नाव मिळाले. ऐकण्याचे यंत्र अशा रीतीने वाजवण्याचे यंत्र झाले.

तबकड्या वाजवणारा तो डीजे. त्याचे दोन्ही हात गुंतलेले असल्याने जमावाशी बोलायला दुसरा माणूस लागे. तो एमसी, म्हणजे समारंभाचा सूत्रधार. हर्कच्या मैफलीत हे काम कोक ला रॉक हा त्याचा मित्र करी. आरंभी हे बोलणे म्हणजे आलेल्या मित्रांची नावे घेणे, थट्टा करणे, नाचणाऱ्यांना चेतवणे एवढेच होते. हळूहळू त्याला यमक आले, यमकांच्या ओळी झाल्या, ओळींची कडवी झाली. गल्लीतल्या मुलांची परस्परांना शब्दांत नामोहरम करण्याची जुनी चढाओढ, प्रार्थनामंदिरातील उपदेशकाची लय, कृष्णवर्णीयांच्या रेडिओ केंद्रांवरील निवेदकांचे चटपटीत बोलणे, हे सारे प्रवाह त्यात मिसळले. त्यातूनच ‘रॅप’ सिद्ध झाले. फ्लॅशभोवती ‘फ्यूरिअस फाइव्ह’ हे पाच जण जमले. ‘फंकी फोर प्लस वन’ या संचात शा-रॉक ही तरुणी पुरुषांच्या बरोबरीने उभी राहिली. १९८१ च्या फेब्रुवारीत हा संच ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात झळकला, तेव्हा अमेरिकेने आपल्या राष्ट्रीय पडद्यावर रॅप म्हणणारा संच प्रथमच पाहिला.

ठेक्याच्या मोकळ्या जागेत शब्द शिरले तसे शरीरही शिरले. १९८० नंतरच्या दशकात ‘ब्रेक डान्स’ हा शब्द हिंदी चित्रपटांच्या वाटेने आपल्याकडच्या स्नेहसंमेलनांपर्यंत पोहोचला, आणि हातपाय मोडल्यासारखे हलवायचे म्हणून त्याला ब्रेक म्हणतात अशी अनेकांची समजूत झाली. वस्तुतः तो ब्रेक म्हणजे तबकडीवरचे तेच काही सेकंद होत. त्या सेकंदांत रिंगणात उतरणारी ती ब्रेकची मुले, ‘बी-बॉईज’. फरशीवर पुठ्ठा अंथरायचा, पाठीवर किंवा डोक्यावर गिरक्या घ्यायच्या आणि ठेका थांबताच मूर्तीसारखे गोठून उभे राहायचे, हा तो नाच. १९७७ साली स्थापन झालेल्या ‘रॉक स्टेडी क्रू’ या गटाने तो जगापुढे नेला, आणि त्यात पोर्तो रिकन मुलांचा वाटा फार मोठा होता. न्यूयॉर्कच्या आगगाड्यांवर आणि भिंतींवर रंगाच्या फवाऱ्याने नावे रेखाटण्याचा प्रघात याहूनही थोडा जुना. ‘टाकी १८३’ अशी सही करणाऱ्या तरुणाची बातमी १९७१ सालीच वर्तमानपत्रात आली होती. नगरपालिकेच्या दृष्टीने हा उपद्रव होता आणि कायद्याने गुन्हाही. मुलांच्या दृष्टीने मात्र, आपली दखल न घेणाऱ्या शहरभर आपले नाव फिरवण्याचा तो एकच मार्ग होता. ‘ब्लॅक स्पेड्स’ या टोळीतून वर आलेल्या आफ्रिका बंबाटा याने या चारही कलांना एका संस्कृतीचे नाव दिले, आणि ‘झूलू नेशन’ ही संघटना उभी करून भांडणे नाचाने व शब्दांनी मिटवण्याचा पुरस्कार केला. याच बंबाटावर २०१६ साली अनेक पुरुषांनी आपल्या बालवयात त्याने अत्याचार केल्याचे आरोप जाहीरपणे केले. त्याने ते नाकारले. पण संघटनेतील त्याचे स्थान गेले. या इतिहासाची आरती ओवाळणाऱ्यांनी हेही वगळू नये.

१९७३ ते १९७९ ही सहा वर्षे ही कला केवळ जागच्या जागी जगली. उन्हाळ्यात ती शाळेच्या पटांगणात किंवा बागेत येई. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वीज घेतली जाई. ज्याने ऐकले त्याने तेथे उभे राहूनच ऐकले. कुणी ध्वनिफितीवर मैफल टिपून घेई आणि त्या फितींच्या प्रती हातोहात विकल्या जात, एवढाच तिचा बाहेरचा संचार. फर्मास ओळ सुचली तर तिचा मोबदला म्हणजे समोरच्यांचा जल्लोष, आणि ती ओळ कोणाची हे सर्व परिसराला ठाऊक असे. त्या मालकीला कागदाची गरज नव्हती, कारण साक्षीदार समोर उभे होते.

सप्टेंबर १९७९ मध्ये ही स्थिती पालटली. शेजारच्या न्यू जर्सी राज्यातील ‘शुगर हिल’ कंपनीच्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी ‘रॅपर्स डिलाइट’ ही सुमारे साडेचौदा मिनिटांची ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. स्वतः गायिका असलेल्या या बाईंनी या प्रकाराचे व्यापारी मोल सर्वांआधी ओळखले. पण ब्राँक्समधले नावाजलेले संच त्यांनी घेतले नाहीत. तीन तरुण जमवून त्यांना ‘शुगरहिल गँग’ हे नाव देण्यात आले. त्यांतला हॅन्क हा पिझ्झाच्या दुकानात काम करणारा. त्याने म्हटलेल्या ओळी ग्रँडमास्टर केझ या ब्राँक्सच्या नामांकित एमसीच्या होत्या. इतक्या जशाच्या तशा, की केझने आपल्या टोपणनावाची अक्षरे सुटी करून म्हटलेला भागही त्या तबकडीत तसाच राहिला. ती जगभर गाजली. केझला ना श्रेय मिळाले ना मोबदला. तबकडीचा ठेका ‘शीक’ या वृंदाच्या ‘गुड टाइम्स’ गाण्याचा होता. त्याच्या कर्त्यांनी कायद्याचा धाक घातल्यावर त्यांची नावे लेबलावर आली. त्यांच्यापाशी कागद होता. केझपाशी केवळ साक्षीदार होते.

आणखी एक गोष्ट त्या तबकडीने केली. कारखान्यात छापायच्या ध्वनिमुद्रिकेवर डीजेचे प्रयोजनच उरले नाही. ठेका वाजवायला पगारी वादक होते. ज्याच्याभोवती सारे रिंगण जमले होते तो मागे पडला आणि त्याचा सूत्रधार नायक झाला. फ्लॅशने १९८१ साली केवळ तबकड्यांच्या हाताळणीतून घडवलेली एक ध्वनिमुद्रिका काढली आणि आपली विद्या जगाला ऐकवली; परंतु १९८२ साली त्याच्या संचाच्या नावावर निघालेल्या ‘द मेसेज’ या सर्वांत कीर्तिमान गाण्यात त्याचा हात जवळजवळ नाहीच. ते गाणे मुख्यत्वे ड्यूक बूटी आणि मेले मेल या दोघांचे. संचाला तर ते आरंभी नकोसेच होते, कारण लोक नाचायला येतात, दुःख ऐकायला येत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. पण त्या गाण्यात पडक्या इमारतीत राहणाऱ्या माणसाची घुसमट आली, कोवळ्या वयात तुरुंगात संपणारे आयुष्य आले, आणि रॅप हे वस्तीचे जबानीपत्रक होऊ शकते हे सिद्ध झाले. २००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत जी पहिली ५० ध्वनिमुद्रणे निवडली गेली, त्यांत या गाण्याचा समावेश झाला. तबकडीने वस्तीकडून पुष्कळ हिरावून घेतले, हे जितके खरे, तितकेच तबकडीवाचून वस्तीचा हा आवाज वस्तीबाहेर गेला नसता, हेही खरे.

हिशेब पुरा मांडायचा तर दुसऱ्या बाजूची नोंदही केली पाहिजे. ज्या ठेक्यांवर ही कला उभी राहिली ते ठेकेही कुणीतरी वाजवलेले होते. जेम्स ब्राऊनच्या १९७० च्या ‘फंकी ड्रमर’मधील काही सेकंदांचा ठेका क्लाइड स्टबलफील्ड या वादकाचा. पुढच्या काळात तो ठेका शेकडो गाण्यांत उचलला गेला. गाण्याच्या कर्त्यांत त्याचे नाव नसल्याने त्या कमाईवर त्याचा हक्क लागला नाही. २०१७ साली तो वारला. केझवर झालेला अन्याय आणि स्टबलफील्डवर झालेला अन्याय यांची जात एकच. रिकामी म्हणून सोडलेली जागा प्रत्यक्षात कुणाच्या तरी घामाने भरलेली असते, याचा विसर वंचितांनाही पडू शकतो.

१९८३ साली क्वीन्स विभागातील ‘रन-डीएमसी’ या संचाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तीत वाद्यवृंद नव्हता. ठोकळ, रुक्ष असा यांत्रिक ठेका आणि वर दोन खणखणीत आवाज होते. तिच्यामागून आलेल्या पिढीने आधीच्यांना ‘जुन्या शाळेचे’ म्हणायला सुरुवात केली. ‘ओल्ड स्कूल’ ही संज्ञा आली ती अशी. ज्यांना जुने म्हटले गेले त्यांतले बहुतेक तेव्हा पंचविशीच्या आसपास होते.

पुढचा प्रवास सर्वज्ञात आहे. ही कला आपल्याकडेही आली, आणि चित्रपटी नाचापलीकडे तिचे खरे मर्म पकडले ते मुंबईच्या चाळी-झोपड्यांतील मुलांनी. कुर्ल्याचा नेझी आणि अंधेरीचा डिव्हाइन यांचे ‘मेरे गली में’ हे गाणे २०१५ साली आले. २०१९ साली ‘गली बॉय’ या चित्रपटाने ती गल्ली देशभर पोहोचवली. त्याच वर्षी ‘स्वदेशी’ या संचाने आरे वसाहतीतील आदिवासी प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारली लोकांच्या जमिनीचा आणि जंगलाचा प्रश्न या पद्धतीने मांडला. त्यांनी ब्राँक्सची नक्कल केली असती तर उल्लेखाचे कारण नव्हते. त्यांनी आपल्या गल्लीचे नाव घेतले, म्हणून ते त्या परंपरेचे ठरले.

सेजविक ॲव्हेन्यूवरची ती इमारत आजही उभी आहे. २००७ साली न्यूयॉर्क राज्याने तिला हिपहॉपचे जन्मस्थान म्हणून मान्यता दिली. त्याच सुमारास ती परवडणाऱ्या भाड्याच्या घरांच्या सरकारी योजनेतून बाहेर काढण्याचा मालकाचा बेत होता, आणि तेथील भाडेकरूंना आपण बेघर होऊ अशी धास्ती पडली होती. त्यांच्या बाजूने बोलायला कूल हर्क उभा राहिला. वास्तूला मान मिळावा एवढ्यावर त्याचे समाधान नव्हते. तीत सामान्य भाडेकरू राहत राहावेत, यासाठी त्याची धडपड होती. भिंतीवर सन्मानाची पाटी लावणे सोपे असते. पण भिंतींच्या आत सामाईक दालन हवे, ते भाड्याने घेणे परवडेल असे शेजारी हवेत, आणि नव्या कपड्यांसाठी निमंत्रणे लिहीत बसलेली एखादी मुलगीही हवी. तरच त्या पाटीला अर्थ राहतो.